सत्तर बंट, एक पराभव

28 मे 1998. शेवटची, म्हणजे नववी इनिंग. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सविरुद्ध ॲरिझोना डायमंडबॅक्सकडे 8-6 अशी आघाडी. दोन आउट झालेले, तिन्ही बेसवर जायंट्सचे धावपटू उभे, आणि बॅट घेऊन आला बॅरी बाँड्स. आणखी एक आउट मिळाला की सामना खिशात. पण ॲरिझोनाचे मॅनेजर बक शोवॉल्टर यांनी डगआउटमधून, म्हणजे मैदानाकडेच्या संघाच्या बाकावरून, खूण केली आणि पिचरने चार चेंडू मुद्दाम बाँड्सच्या बॅटपासून लांब टाकले. असे चार चेंडू पडले की बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो. याला वॉक म्हणतात. बेस आधीच भरलेले असल्यामुळे पुढचे सगळे एकेक जागा सरकले आणि तिसऱ्या बेसवरचा खेळाडू आरामात चालत घरी आला. शोवॉल्टरनी प्रतिस्पर्ध्यांना एक धाव स्वतःच्या हाताने देऊन टाकली होती. आघाडी आता एकाच धावेची, बेस तसेच भरलेले. पुढचा बॅटर ब्रेंट मेन याने चेंडू चांगला सणसणीत मारला, तो नेमका उजवीकडच्या फील्डरच्या हातात गेला आणि ॲरिझोनाने 8-7 असा सामना जिंकला.

निकाल बघितला तर शोवॉल्टर द्रष्टे ठरतात. मेनचा तोच फटका दोन हात बाजूला पडला असता तर त्यांना वेड्यात काढलं गेलं असतं. म्हणून निकाल क्षणभर बाजूला ठेवू आणि खूण करण्याआधी त्यांच्यासमोर काय मांडलेलं होतं ते पाहू.

त्या हंगामात बाँड्स शंभरातल्या सुमारे 44 खेपांना आउट न होता बेसवर पोचत होता. त्याला सरळ चेंडू टाकले असते तरी 56 टक्के वेळा सामना तिथेच ॲरिझोनाने जिंकला असता. साधारण बॅटर तीनातल्या दोन खेपांना आउट होतो, म्हणजे मेनसमोर तीच शक्यता 66 टक्क्यांच्या आसपास. दहा टक्क्यांचा फायदा दिसतो, आणि बहुधा शोवॉल्टरना तोच दिसला. पण त्याची किंमतही आहे. दोन धावांची आघाडी असताना बाँड्सच्या साध्या फटक्याने बहुतेक वेळा बरोबरी झाली असती. आघाडी एकाच धावेची उरल्यावर मेनचा तेवढाच फटका दोन धावा आणून सामना घेऊन गेला असता. आणि बाँड्सने स्वतःच्या संयमाने वॉक मिळवला असता, तर ॲरिझोना नेमकी त्याच जागी पोचली असती जिथे शोवॉल्टर तिला मुद्दाम घेऊन गेले. हे सगळं धरून ढोबळ हिशोब केला तर दोन्ही वाटांनी जिंकण्याची शक्यता 70 ते 75 टक्क्यांच्या पट्ट्यात येते. मुद्दाम वॉक देणं किंचित महाग पडतं, असं माझं गणित सांगतं. पण किंचितच. तीन टक्के, फार तर चार.

बेसबॉलमधल्या सगळ्यात वादग्रस्त निर्णयांपैकी एक, ज्यावर पंचवीस वर्षांनंतरही लोक तावातावाने बोलतात, त्याचं वजन तीन-चार टक्के!

इथून पुढे ही गोष्ट मला अधिकाधिक विलक्षण वाटत जाते. बेसबॉलचा मॅनेजर म्हणजे क्रिकेटचा कर्णधार, प्रशिक्षक आणि निवड समिती यांचं एकत्र रूप, फक्त तो मैदानात न उतरता डगआउटमध्ये बसतो, आणि बसतो तो खेळाडूंसारखाच गणवेश घालून. बॅटिंगचा क्रम तो ठरवतो. पिचर कधी काढायचा, त्याच्या जागी कोणाला आणायचं, धावपटूने बेस चोरायचा की नाही, बॅटरने बंट करायचा का, हे सगळं त्याच्या खुणेवर. शिवाय एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही, त्यामुळे प्रत्येक बदल कायमचा. एका हंगामात प्रत्येक संघाचे 162 सामने. म्हणजे मॅनेजरचे निर्णय वर्षाकाठी हजारोंनी मोजायचे. ते हंगामाच्या शेवटी संघाच्या विजयांच्या आकड्यात किती भर घालतात?

यातल्या पहिल्या मोजमापांपैकी एक जॉर्ज लिंडसे नावाच्या कॅनडियन शास्त्रज्ञाने केलं. ते तिथल्या लष्करासाठी संशोधन करायचे आणि बेसबॉलचे वेडे होते. 1950च्या दशकाच्या अखेरीस त्यांचे वडील रेडिओवर सामने ऐकत, आणि प्रत्येक बॅटरच्या वेळी बेसवर कोण आहे, आउट किती झाले आहेत, पुढे त्या इनिंगमध्ये किती धावा आल्या, हे कागदावर टिपत. असे शेकडो सामने. रेडिओजवळ बसलेला बाप आणि त्याच्या टिपणांवर आकडेमोड करणारा मुलगा, यांच्यातून एक तक्ता तयार झाला. बेस भरण्याचे प्रकार आठ: सगळे रिकामे, फक्त पहिला भरलेला, फक्त दुसरा, असे करत सगळे भरलेले. आउट शून्य, एक किंवा दोन. आठ गुणिले तीन, चोवीस. बेसबॉलच्या इनिंगमधला कुठलाही क्षण या चोवीस घरांपैकी एकात बसतो, आणि प्रत्येक घरात लिंडसेंनी एकच आकडा लिहिला: इथून पुढे ही इनिंग संपेपर्यंत सरासरी किती धावा येतात. 1963 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. आजचे तक्ते लाखो नोंदींवर बेतलेले असतात, तरी लिंडसेंच्या घरातले आकडे त्यांच्याशी आश्चर्य वाटावं इतके जुळतात.

आता बंट बघा. पहिल्या बेसवर धावपटू, आउट एकही नाही. मॅनेजर खूण करतो, बॅटर चेंडूवर बॅट नुसती टेकवून तो पुढ्यातच घरंगळत सोडतो, स्वतः आउट होतो आणि धावपटू दुसऱ्या बेसवर जातो. दिसायला शहाणपणाची, संघासाठी त्याग करण्याची चाल. पिढ्यान्‌पिढ्या मॅनेजर ती खेळत आले. लिंडसेंच्या तक्त्यात पहिल्या घराचा आकडा 0.81 धावा, दुसऱ्याचा 0.67. म्हणजे बंट पूर्ण यशस्वी झाला तरी संघ 0.14 धाव गमावतो! एक बेस मिळाला खरा, पण त्यासाठी दिलेला आउट त्याहून मौल्यवान होता. एका सामन्यात संघाला असे 27 आउट मिळतात आणि ती सगळी पुंजी. बाल्टिमोर ओरिओल्सचे अर्ल वीव्हर हे गणित कोणी शिकवण्याआधीपासून हाडात घेऊन फिरत. त्यांना बंट आवडत नसे. त्यांचा भरवसा होता बेसवर माणसं जमवण्यावर आणि मग येणाऱ्या एका होमरनवर, म्हणजे सगळ्यांना घरी आणणाऱ्या सीमेबाहेरच्या फटक्यावर.

पण 0.14 म्हणजे किती? बेसबॉलचा एक जुना, खात्रीचा ठोकताळा आहे: हंगामभरात दहा जास्तीच्या धावा साधारण एक जास्तीचा विजय देतात. दहाला 0.14 ने भागा. उत्तर येतं सत्तर आणि वर थोडे. म्हणजे एखाद्या मॅनेजरने हंगामात असे सत्तर निरर्थक बंट करायला लावले, तर सगळे मिळून त्याला एक सामना गमवावा लागेल. 162 पैकी एक. आणि हे सत्तरही सगळे निरर्थक नसतात. बरोबरी असेल, शेवटची इनिंग असेल आणि एकच धाव हवी असेल, तेव्हा ती एक धाव मिळण्याची शक्यता बंट करून आणि न करून जवळजवळ सारखीच राहते, हेही लिंडसेंच्याच आकड्यांत आहे.

बॅटिंगच्या क्रमाचंही तेच. कोणाला पहिला पाठवायचा, सगळ्यात मोठा फटकेबाज तिसरा की चौथा, यावर अमेरिकेत रोज सकाळी वाद होतात. नेहमीचा समजूतदार क्रम आणि संगणकाने काढलेला सर्वोत्तम क्रम यांत पूर्ण हंगामात दहा-पंधरा धावांचा फरक पडतो. एक विजय, दीड विजय. पिचर बदलण्याच्या निर्णयांचं वजन यापेक्षा जास्त, कारण तिथे दोन माणसांच्या गुणवत्तेत खरा फरक असतो. पण सगळं जमेला धरूनही चांगला मॅनेजर आणि साधारण मॅनेजर यांच्यात सामन्यातल्या निर्णयांमुळे हंगामात दोन-एक विजयांचा फरक पडतो, असं म्हणणं रास्त होईल.

दोन विजय कमी नाहीत. कितीतरी संघ एका विजयाने प्लेऑफच्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीच्या, बाहेर राहतात. अडचण वेगळीच आहे. हे दोन विजय डोळ्यांना दिसत नाहीत, आणि का दिसत नाहीत हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत अचंबित करणारं प्रकरण वाटतं.

एक नाणं 162 वेळा उडवा. सरासरी 81 छापे. पण दर वेळी 81 येणार नाहीत. तीनातल्या दोन वेळा उत्तर 75 ते 87 यांच्यामध्ये कुठेतरी असेल, आणि उरलेल्या वेळी त्याच्याही बाहेर. म्हणजे अगदी मध्यम ताकदीचा संघ, तेच खेळाडू, तोच मॅनेजर, एका वर्षी 75 सामने जिंकेल आणि दुसऱ्या वर्षी 87, आणि यात कोणाचंही कर्तृत्व नसेल, कोणाची चूकही नसेल. 87वाल्या वर्षी मॅनेजरची मुलाखत मासिकात येईल, 75वाल्या वर्षी तो घरी जाईल. नशिबाच्या या गदारोळात दोन विजयांची कुजबुज ऐकायची तर किती काळ कान देऊन बसावं लागेल? संख्याशास्त्राचं साधं सूत्र लावलं तर उत्तर येतं चाळीस हंगाम. चाळीस वर्षं एकच माणूस, तितक्याच ताकदीच्या संघासह. तेव्हा कुठे आपण जरा खात्रीने म्हणू शकू की हा माणूस खरोखर दोन विजयांचा आहे.

चाळीसहून जास्त हंगाम मॅनेजर राहिलेला माणूस इतिहासात एकच: कॉनी मॅक. फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सचे ते 1901 ते 1950 अशी सलग पन्नास वर्षं मॅनेजर होते, संघात त्यांची मालकीही होती. गणवेश न घालता सूट-टायमध्ये डगआउटमध्ये बसायचे आणि हातातला स्कोअरकार्डाचा कागद हलवून फील्डरांना जागा दाखवायचे. सर्वाधिक विजयांचा विक्रम त्यांचा, 3,731. सर्वाधिक पराभवांचा विक्रमही त्यांचाच, 3,948. 1914 मध्ये त्यांच्या संघाने 99 सामने जिंकून लीगचं विजेतेपद घेतलं. त्या हिवाळ्यात मोठे खेळाडू संघातून गेले. 1915 मध्ये विजय 43, आणि 1916 मध्ये 36 विजय, 117 पराभव. मॅनेजर तोच होता, त्याची बुद्धी तीच होती, हातातला कागद हलवण्याची ढबही तीच. तेरा वर्षांनी नवे मोठे खेळाडू जमल्यावर 1929 आणि 1930 अशा लागोपाठ दोन वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिका, त्याच माणसाने जिंकल्या.

केसी स्टेंगल यांचं नाव अमेरिकेत आजही आदराने घेतलं जातं. न्यूयॉर्क यांकीजबरोबर 1949 ते 1960 या बारा वर्षांत दहा वेळा लीगचं विजेतेपद आणि सात वर्ल्ड सिरीज. त्याआधी ब्रुकलिन आणि बोस्टन इथल्या नऊ हंगामांत त्यांच्या संघाचे विजय पराभवांपेक्षा जास्त झाले ते फक्त एकदा. यांकीजनंतर 1962 मध्ये ते नव्या मेट्स संघाकडे गेले आणि 120 सामने हरले.

यावरून मॅनेजर म्हणजे शोभेचं पद, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो मला मान्य नाही. आपण मोजतो तो फरक एका मॅनेजरचा दुसऱ्या मॅनेजरपासूनचा. तो फरक छोटा आहे, कारण तीसही संघांच्या या खुर्च्यांवर पोचलेली माणसं अत्यंत तयारीची असतात आणि ठळक चुका कोणीच करत नाही. थकलेल्या पिचरला कोणी दोनशे चेंडू टाकायला लावत नाही. सगळ्यात दुबळ्या बॅटरला कोणी पहिल्या क्रमांकावर पाठवत नाही. उद्या रस्त्यावरचा कोणी हौशी माणूस खुर्चीत बसवला तर तो दोन नव्हे, पुष्कळ सामने घालवील. कौशल्य प्रचंड आहे, पण ते सगळ्यांकडे जवळजवळ सारखं असल्यामुळे एकमेकांना खोडून टाकतं आणि तक्त्यात त्याची रेघही उमटत नाही. शिवाय मॅनेजरच्या कामाचा मोठा भाग या चोवीस घरांत बसतच नाही. कोणाला आज विश्रांती द्यायची, घसरलेल्या खेळाडूवर किती आठवडे विश्वास ठेवायचा, ऑगस्टमध्ये पिचरांचे खांदे शिल्लक राहतील अशा बेताने त्यांना एप्रिलमध्ये कसं वापरायचं. हे मोजायला अजून कोणी लिंडसे भेटलेला नाही.

मग मॅनेजरची नोकरी कशावरून राहते आणि जाते? बहुतेक वेळा एखाद्या संध्याकाळवरून. 16 ऑक्टोबर 2003, यांकी स्टेडियम, जिंकेल तो वर्ल्ड सिरीजला जाणार. बोस्टन रेड सॉक्स 5-2 ने पुढे, आठवी इनिंग, माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, त्या काळातला श्रेष्ठ पिचर पेड्रो मार्टिनेझ. शंभरेक चेंडूंनंतर पेड्रोची धार बोथट होते असं आकडे सांगत होते. एक धाव गेल्यावर मॅनेजर ग्रेडी लिटल माउंडवर चालत गेले, पेड्रोशी बोलले आणि त्याला तिथेच ठेवून परतले. पुढच्या काही मिनिटांत लागोपाठ दोन डबल, म्हणजे बॅटरला दुसऱ्या बेसपर्यंत नेणारे फटके, आणि 5-5. अकराव्या इनिंगमध्ये यांकीजच्या ॲरन बूनने होमरन मारला आणि 1918 पासून विजेतेपदाची वाट बघणारं बोस्टन घरी गेलं. लिटल यांचा करार वाढवला गेला नाही.

सतरा वर्षांनी, 27 ऑक्टोबर 2020 रोजी, टेक्ससमधल्या आर्लिंग्टनला वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना. टँपा बे रेजचे मॅनेजर केव्हिन कॅश यांच्यासमोर प्रश्न तोच होता. 1-0 अशी आघाडी, सहावी इनिंग, एक आउट. पिचर ब्लेक स्नेल अक्षरशः खेळ करत होता: 73 चेंडू, 9 स्ट्राइकआउट, एकही वॉक नाही, हिट फक्त दोन. त्यातली दुसरी हिट नुकतीच गेलेली. आता लॉस एंजेलिस डॉजर्सचे वरचे बॅटर तिसऱ्यांदा त्याच्यासमोर येणार होते. पिचर तितकाच ताजा असला तरी बॅटर त्याला तिसऱ्यांदा बघतो तेव्हा त्याला जास्त चांगला खेळतो, हे बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ टॉम टँगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकड्यांतून दाखवून दिलेलं. कॅशनी त्या अभ्यासाला धरून स्नेलला काढलं. निक अँडरसन आला, मूकी बेट्सने त्याला डबल मारला, एक चेंडू कॅचरला चुकवून मागे गेला, बरोबरी झाली, मग आघाडी गेली, आणि 3-1 ने वर्ल्ड सिरीजही.

लिटलनी काढायला हवं होतं आणि कॅशनी काढायला नको होतं, असं आजही ठासून सांगितलं जातं. माझ्या मते कॅशचा निर्णय चुकलाच, कारण अँडरसन गेले काही सामने सतत धावा देत होता आणि ते डोळ्यांसमोर होतं. पण त्या चुकीची किंमत पुन्हा थोडक्या टक्क्यांचीच. तिसऱ्या फेरीचा तोटा खरा आहे, पण बारीक. स्नेल राहिला असता तरी एका धावेची आघाडी साडेतीनहून जास्त इनिंग टिकायची होती, आणि बेट्स म्हणजे बेट्स. पुढच्याच महिन्यात कॅशना अमेरिकन लीगचा वर्षातला सर्वोत्तम मॅनेजर हा सन्मान मिळाला. मतदान प्लेऑफच्या आधीच झालेलं असतं.

जो निर्णय घेतलाच नाही तो मोजायला याहून अवघड. 2016 मध्ये शोवॉल्टर बाल्टिमोरचे मॅनेजर होते. त्यांच्याकडे झॅक ब्रिटन होता, जो त्या हंगामात आघाडी राखायला 47 वेळा आला आणि 47 वेळा राखून गेला. टोरांटोत, हरला तो बाहेर अशा सामन्यात, 2-2 बरोबरी असताना ते ब्रिटनला आघाडी मिळेपर्यंत राखून ठेवत गेले. आघाडी आलीच नाही. अकराव्या इनिंगमध्ये एडविन एन्कार्नासियोनने होमरन मारून सामना संपवला तेव्हा ब्रिटनने एकही चेंडू टाकलेला नव्हता. मॅनेजरचा हा निर्णय कुठल्याही स्कोअरकार्डवर नोंदला जात नाही, आणि तरी ज्या थोड्या निर्णयांना खरं वजन असतं त्यांत मी हा धरतो: सर्वोत्तम माणूस सर्वांत कठीण क्षणी मैदानात असणं.

आता मॅनेजरच्या हातातले निर्णयही कमी होत चालले आहेत. 2020 पासून नव्या पिचरने किमान तीन बॅटरांना किंवा इनिंग संपेपर्यंत टाकलंच पाहिजे. 2022 पासून कुठल्याच लीगमध्ये पिचरला बॅटिंग करावी लागत नाही, त्यामुळे त्याच्या जागी बॅटर कधी पाठवायचा हे जुनं कोडं संपलं. 2023 मध्ये फील्डर एका बाजूला गोळा करण्यावर बंधन आलं.

आणि ॲरन बून? ज्याच्या होमरनने 2003 ची ती रात्र संपली, तो 2018 पासून यांकीजचा मॅनेजर आहे. 25 ऑक्टोबर 2024, लॉस एंजेलिस, वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना, दहावी इनिंग, यांकीज 3-2 ने पुढे, दोन धावपटू बेसवर. समोर डॉजर्सचा शोहेई ओहतानी. बूननी नेस्टर कोर्टेस या डावखुऱ्या पिचरला आणलं, ज्याने दुखापतीमुळे महिनाभराहून जास्त काळ सामन्यात चेंडू टाकलेला नव्हता. ताजातवाना दुसरा डावखुरा टिम हिलही तयार होता. कोर्टेसच्या पहिल्याच चेंडूवर ओहतानी झेल देऊन आउट. मग बूननी बेट्सला मुद्दाम वॉक देऊन (आता त्यासाठी चेंडू टाकावे लागत नाहीत, खूण पुरते) बेस भरले, कारण पुढचा फ्रेडी फ्रीमन डावखुरा होता, म्हणजे डावखुऱ्या कोर्टेससमोर तुलनेने कमजोर, आणि घोटा दुखावलेला. कोर्टेसचा दुसरा चेंडू फ्रीमनने उजवीकडच्या प्रेक्षकांत पोचवला. ग्रँड स्लॅम, म्हणजे बेस भरलेले असतानाचा होमरन, आणि 6-3. अशा फटक्याने वर्ल्ड सिरीजचा सामना संपण्याची ही पहिलीच वेळ.

त्या हंगामात फ्रीमन शंभरातल्या 62 खेपांना आउट झाला होता. यांकीज ती मालिका हरले. पुढच्या फेब्रुवारीत त्यांनी बून यांचा करार 2027 पर्यंत वाढवला.